घर हीच शाळा

जून महिना उजाडला म्हणजे आपल्याकडे घरोघरी एक ओळखीची गडबड सुरू होते. कोऱ्या वह्या येतात, पुस्तकांस खाकी कागदाची वेष्टने चढतात, गेल्या वर्षीचा गणवेश आखूड झाल्याचा शोध नेमका आदल्या रात्री लागतो, आणि पहिल्या पावसाबरोबर मूल शाळेच्या वाटेस लागते. शाळा ही आपल्या लेखी घराबाहेरची एक जागा आहे. मूल तेथे जाते, तेथून परत येते, आणि मधल्या पाचसहा तासांचा भार शिक्षकांवर टाकून आपण निर्धास्त असतो. परंतु ज्या घरात हे जाणेयेणेच नाही, जेथे स्वयंपाकघरातील मेज हाच वर्ग आणि आई हीच शिक्षिका, अशा एका घरातील नव्या वर्षाचा आरंभ जवळून पाहण्याचा योग आम्हांस सन २०२४ च्या उन्हाळ्यात आला. तेथे जे पाहिले व जे ऐकले, त्याने आमच्या काही जुन्या समजुती हलल्या. म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमची मुलगी व जावई अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर जिल्ह्यात राहतात. मुलूख शेतीचा. ऑगस्टमध्ये पुरुषभर उंचीचा मका रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उभा असतो आणि मधून अमिश पंथाच्या लोकांच्या करड्या घोडागाड्या टापांचा आवाज करीत जातात. मुलीच्या घराला लागून एका ख्रिस्ती कुटुंबाचे घर आहे. हे कुटुंब अमिश नव्हे; मोटार, वीज, दूरध्वनी सारे काही घरात आहे. यजमान विजेच्या कामाचे कारागीर, बाई पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या. मुले चार. थोरली तेरा वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा नऊ वर्षांचा, मग सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचे शेंडेफळ. चौघांपैकी एकानेही शाळेचे तोंड पाहिलेले नाही. कुटुंबाचे नाव आम्ही अर्थातच देत नाही. त्यांच्या संमतीने लिहीत आहो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या पद्धतीस तिकडे ‘होमस्कूलिंग’ म्हणतात. आपण तिला गृहशिक्षण म्हणू.

शपथपत्र

गृहशिक्षण म्हणजे मन मानेल तसे मुलांस घरी ठेवणे, अशी आमची कल्पना होती. ती जुलैअखेरीसच दूर झाली. पेनसिल्व्हेनियात १९८८ साली झालेल्या कायद्याप्रमाणे अशा पालकांनी दर वर्षी १ ऑगस्टच्या आत आपल्या विभागाच्या शाळा-अधीक्षकाकडे शपथपत्र दाखल करावयाचे असते. शिकविणाऱ्या पालकाने स्वतः माध्यमिक शिक्षण पुरे केलेले असले पाहिजे. मुलांस लसी टोचल्याचा किंवा त्यांतून सूट मिळाल्याचा पुरावा, घरातील कोणा प्रौढास ठराविक गुन्ह्यांबद्दल गेल्या पाच वर्षांत शिक्षा झालेली नसल्याचे निवेदन, आणि विषयवार वर्षभरात काय साधावयाचे याची यादी, इतके सारे त्यासोबत लागते. वर्षास १८० दिवस, अथवा प्राथमिक इयत्तांस ९०० आणि माध्यमिक इयत्तांस ९९० तास शिकविलेच पाहिजे. विषयही नेमून दिलेले आहेत. भाषा, गणित, शास्त्र, भूगोल, इतिहास, आरोग्य, संगीत, चित्रकला. शिवाय आगीचे धोके व त्यांचे निवारण हा विषय तर वारंवार शिकविलाच पाहिजे असे कायदा बजावतो! मुलांनी वाचलेल्या पुस्तकांच्या नावांची नोंदवही ठेवावयाची, वर्षअखेर ती नोंदवही व मुलांच्या कामाचे नमुने एखाद्या अधिकृत परीक्षकास दाखवावयाचे. तो मुलांशी समक्ष बोलतो व शिक्षण समाधानकारक झाल्याचा दाखला ३० जूनपूर्वी अधीक्षकाकडे पोचतो. तिसऱ्या, पाचव्या व आठव्या इयत्तेत वाचन आणि गणित यांची प्रमाणित परीक्षाही द्यावी लागते, आणि ती आईबापांनी घ्यावयाची नाही.

सर्व राज्यांत असा काटेकोरपणा नाही. टेक्सासमध्ये पालकाने सरकारास साधे पत्रही लिहावे लागत नाही. याच्या उलट जर्मनीत मुलास शाळेतच घातले पाहिजे असा दंडक आहे, आणि तो युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००६ व २०१९ साली मान्य केला.

एके दिवशी सायंकाळी शेजारचे यजमान कुंपणाशी उभे राहून याच कागदांबद्दल कुरकुरत होते. “माझ्या मुलांना मी रोज जेवू घालतो, त्याचा हिशेब मी कोणास देत नाही. मग त्यांना शिकवितो त्याचाच हिशेब सरकारास का द्यावा?” असा त्यांचा सवाल. प्रश्न बिनतोड वाटला. आम्ही बाईंकडे पाहिले. एरवी नवऱ्याच्या बोलण्यास हसून साथ देणाऱ्या त्या बाई त्या दिवशी गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्याचे कारण आम्हांस पुढे कळले.

हे आले कोठून?

मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे, असा अमेरिकेतील पहिला राज्यव्यापी कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली केला. १९१८ साली मिसिसिपीने तो केल्यावर तसल्या कायद्यावाचून एकही राज्य उरले नाही. त्यानंतर दोन पिढ्या शिक्षण म्हणजे शाळा हे समीकरण तिकडेही आपल्यासारखेच पक्के होते. ते प्रथम हलविले ते धार्मिक लोकांनी नव्हे. जॉन होल्ट नावाच्या एका शिक्षकाने १९६४ साली ‘हाउ चिल्ड्रेन फेल’ हे पुस्तक लिहून शाळेतील भीती मुलांची बुद्धी कशी मारते ते दाखविले. पुढे शाळा सुधारण्याची आशाच सोडून १९७७ साली त्याने घरी शिकविणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढले. त्याच सुमारास रेमंड व डोरोथी मूर हे श्रद्धाळू ख्रिस्ती दांपत्य, लहान मुलांस पाटीपुस्तकास जुंपण्याची घाई करू नये असे सांगत होते. त्यांचे ‘बेटर लेट दॅन अर्ली’ हे पुस्तक १९७५ सालचे.

धार्मिक ख्रिस्ती कुटुंबे या मार्गाकडे वळण्यास आणखीही कारण होते. १९६२ व १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील शाळापुरस्कृत प्रार्थना व उपासना म्हणून होणारे बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. देशात नाना धर्मांची मुले एका बाकावर बसतात, तेथे हे योग्यच होते असे आम्ही म्हणू. परंतु ज्यांच्या दृष्टीने देवाचे नाव आणि विद्या ही निराळी होऊच शकत नाहीत, त्यांना शाळा परकी वाटू लागली. १९७२ साली अमिश पालकांना आठवीपुढे मुलांस शाळेत न पाठविण्याची मुभा त्याच न्यायालयाने दिली, तेव्हा अशांस धीर आला. तरी १९८० च्या सुमारास अनेक राज्यांत घरी शिकविणाऱ्या आईबापांवर खटले होतच होते. १९८३ साली त्यांच्या बचावासाठी वकिलांची एक संस्था निघाली, आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले.

सरकारी गणतीप्रमाणे १९९९ साली सुमारे साडेआठ लाख अमेरिकन मुले घरी शिकत होती. २०१६ साली ती सतरा लाखांच्या घरात गेली. २०२० च्या महामारीत शाळा बंद पडल्या तेव्हा मुले घरी शिकवीत असल्याचे सांगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण वसंत ऋतूत शेकडा ५.४ होते, ते शरदात ११.१ झाले. त्यांतील पुष्कळजण पुढे शाळेत परतले. सारीच गृहशिक्षित मुले धार्मिक घरांतील आहेत असेही नाही. २०१६ सालच्या पाहणीत पालकांनी सांगितलेले सर्वांत मोठे कारण धर्मशिक्षण हे नसून शाळेतील वातावरणाची धास्ती हे होते.

आमच्या शेजारणीचे कारण विचारले तेव्हा त्यांनी जुन्या करारातील मोशेच्या उपदेशाचा दाखला दिला. देवाच्या आज्ञा आईबापांनी उठताबसता, जातायेता मुलांच्या मनावर ठसवाव्यात, अशा अर्थाचा तो भाग आहे. “हे काम मी दुसऱ्याला मोबदला देऊन कसे करवून घेऊ?” एवढेच त्या म्हणाल्या.

एक दिवस

सरकारी शाळा उघडल्या तो दिवस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला. सकाळी पिवळी बस कोपऱ्यावर येऊन थांबली आणि आमचा नऊ वर्षांचा नातू पाठीवर दप्तर टाकून तीत चढला. शेजारी त्याच वेळी चारही मुलांस ओळीने दाराशी उभे करून छायाचित्र काढणे चालले होते. प्रत्येकाच्या हातात इयत्ता लिहिलेली पाटी. शेंडेफळाने आपली पाटी उलटी धरली होती. “आम्ही शाळेत जात नाही, पण शाळा सुरू झाल्याचा आनंद आम्हांलाही हवाच,” असे थोरली म्हणाली. त्या दिवशी न्याहारीस खास गोड घावन असतात, तव्यावर फुगविलेले व वर मेपलचा पाक घातलेले. पहिल्याच दिवशी त्यांचे निमंत्रण आम्हांसही होते.

न्याहारी आटोपताच वडील कामावर जाण्यापूर्वी सर्वांस जवळ घेऊन प्रार्थना करतात. मग बायबलातील एक उतारा, एक स्तोत्र, आणि आठवड्याचे एक वचन पाठ म्हणणे. त्या पाठांतराची चाल ऐकून आम्हांस आमच्या लहानपणीची तिन्हीसांजा, परवचा व रामरक्षा आठवल्यावाचून राहिली नाही. शब्द निराळे, देव निराळा. परंतु मांडी घालून डुलणारे ते सहा वर्षांचे पोर अगदी ओळखीचे वाटले.

साडेआठास धडे सुरू झाले. ही बाई इंग्लंडातील शार्लट मेसन (१८४२–१९२३) हिच्या पद्धतीने शिकवितात. पुढे लेक डिस्ट्रिक्टमधील अँबलसाइड गावी राहिलेल्या या विदुषीने, स्वतः अविवाहित असूनही, आईबापांसाठी १८८६ साली गृहशिक्षणावर ग्रंथ लिहिला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८४ साली, एका ख्रिस्ती लेखिकेच्या पुस्तकामुळे अमेरिकेत तिचे नाव पुन्हा निघाले. तिची सूत्रे थोडी आहेत. लहान मुलांचा धडा पंधरावीस मिनिटांहून लांबवू नये. नीरस क्रमिक पुस्तकांऐवजी जिवंत मनाने लिहिलेले ग्रंथ द्यावेत. उतारा एकदाच वाचून दाखवावा व मुलाने तो लगेच आपल्या शब्दांत सांगावा. सुंदर वाक्ये पाहून सुवाच्य उतरवून काढावीत. दुपारी मुलांस रानात सोडावे.

वर्णन करण्यास हे सोपे, चालविण्यास फार अवघड. मेजाच्या एका टोकास थोरली बीजगणितात गुंतलेली, दुसऱ्या टोकास धाकटी अक्षरे गिरवीत बसलेली, मधे मुलास इतिहास वाचून दाखविला जात आहे, मेजाखाली शेंडेफळ लाकडी ठोकळ्यांचे घर बांधून ते मोठ्याने पाडीत आहे, आणि शेगडीवर दुपारचे कढण उकळत आहे! दहा वाजेपर्यंत बाई किमान पंधरा वेळा उठल्या असतील. दुपारी बारास लहानांची सुटी होते. थोरलीचा अभ्यास अडीचपर्यंत चालतो. नंतर कोंबड्यांस दाणापाणी, वाचनालय, सुतारकाम. बुधवारी सारी मुले चर्चच्या तळघरात जमतात. तेथे आठदहा कुटुंबांनी विषय वाटून घेतले आहेत. कोणी रसायन शिकविते, कोणी लॅटिन, कोणी समूहगायन. थोरली सरकारी शाळेच्या वाद्यवृंदात सनईसारखे एक वाद्यही वाजविते, कारण गृहशिक्षित मुलांस अशा उपक्रमांत घेतले पाहिजे असा २००५ सालचा कायदा आहे. ‘ही मुले एकलकोंडी होतात’ हा जो सर्वसाधारण आक्षेप, तो निदान या घरास लागू पडत नव्हता.

एका ठिकाणी मात्र आमचे व त्यांचे जमले नाही. थोरलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली हे अक्षरशः खरे धरून उत्क्रांतिवाद खोडून काढलेला होता. अनेक ख्रिस्ती गृहशिक्षणमालांत असेच असते. वडील म्हणाले की वाचनालयातून डार्विनचा विचार सांगणारे पुस्तकही त्यांनी तिला आणून दिले आहे. जगात गेल्यावर तिला तो भेटणारच, मग आमच्या घरीच का भेटू नये? हे आम्हांस आवडले. तथापि एखादा विचार समजून घेण्यासाठी वाचणे आणि खोडण्यासाठी वाचणे यांत अंतर आहे, हे आमचे म्हणणे आम्ही सोडले नाही. त्यांनीही त्यांचे सोडले नाही. निरोप घेताना त्यांनी आमच्या हाती डझनभर अंडी ठेविली.

‘तू वाच, मी ऐकतो’

आता त्या गप्प राहण्याकडे वळतो.

आमचा नातू आणि शेजारचा मुलगा एकाच वयाचे व जिवाभावाचे मित्र. जुलैच्या एका दुपारी दोघे आमच्या पायरीवर बसले होते. नातवाने एक नवे चित्रमय पुस्तक मित्रापुढे केले. तो म्हणाला, “तू वाच, मी ऐकतो.” नातवाने वाचले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी नातू आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाला, “आजोबा, त्याला वाचता येत नाही. पण गोष्ट मात्र माझ्यापेक्षा तोच चांगली सांगतो.”

आम्ही ते कोणास बोललो नाही. परंतु ऑगस्टच्या मध्यास बाईंनीच विषय काढला. त्या दिवशी टोमॅटोची वर्षाची बेगमी चालली होती. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलावयाचे, काचेच्या बरण्यांत भरावयाचे व बरण्या झाकण लावून पुन्हा उकळावयाच्या. आम्हीही सुरी घेऊन बसलो होतो. बाई मान वर न करता सांगू लागल्या.

मुलगा लहानपणापासून चलाख. एकदा ऐकलेले विसरत नसे. इतिहासाचा उतारा वाचून दाखविला की तो असा सांगे की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. अक्षर वळणदार, पाहून लिहिलेल्या ओळी निर्दोष. स्वतः वाचावयाची वेळ आली की मात्र त्याचे पोट दुखे, तहान लागे, कोंबड्या आठवत. मुलास घाई करू नये, योग्य वेळी वाचन आपोआप फुलते, असे बाईंनी एका पुस्तकात वाचले होते. त्या थांबल्या. सात वर्षांचा झाला, थांबल्या. आठवे लागले, थांबल्या. परीक्षक दोन वर्षे आले, मुलाशी बोलले, त्याच्या गोष्टी ऐकून प्रसन्न होऊन दाखला देऊन गेले. नोंदवहीत पुस्तकांची नावे भराभर वाढत होती. “वहीत शंभरांवर नावे होती,” बाई म्हणाल्या, “पण त्यांतले एकही त्याने वाचलेले नव्हते. सारी मी वाचली होती.”

तिसऱ्या इयत्तेची परीक्षा आली. ती एका निवृत्त शिक्षिकेने घेतली. गणितात तोंडी उदाहरणे उत्तम. वाचनाचा कागद जवळजवळ कोरा. शिक्षिकेने त्याला जवळ बसवून तीनतीन अक्षरांचे शब्द दाखविले. तो चित्रांवरून, तिच्या चेहऱ्यावरून, ओठांवरून तर्क करू लागला. परीक्षा संपल्यावर तिने आईस बाजूस बोलावून सांगितले की मुलात काही कमी नाही, पण यास डिस्लेक्सिया असण्याचा दाट संभव आहे. तपासणी करवून घ्या, आणि आता थांबू नका.

“त्या रात्री मी कोणावर रागावले असेन?” बाई म्हणाल्या. “आधी त्या शिक्षिकेवर. मग त्या पुस्तकावर. मग सरकारावर, की यांना कोणी सांगितले आमच्या घरात डोकवायला? पहाटे उठून मी त्याच्या उशाशी बसले तेव्हा मात्र मला कळले, की चार वर्षे तो मला वाचवीत होता. आईला वाईट वाटू नये म्हणून पोर गोष्टी पाठ करीत होते.”

बरणीचे झाकण त्यांच्या हातून निसटले. आम्ही ते उचलून दिले. बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

दोन डोळे

काही नव्हते असे का म्हणतो तेही सांगितले पाहिजे. या लेखकाने स्वतः तीस वर्षे शाळेत मुले शिकविली. साठसाठ मुलांचे वर्ग. त्या वर्गांत मागच्या बाकावर बसणारी, तोंडी उत्तरे चटकन देणारी, पण पुस्तक उघडले की गोंधळणारी मुले दर वर्षी एखाददुसरे तरी असे. आम्ही त्यांना आळशी म्हटले. काहींना ‘ढ’ म्हटले. परीक्षा दर वर्षी झाली, कागद दर वर्षी कोरे आले, आणि आम्ही त्यांवर तांबड्या शाईने भोपळा काढून पुढल्या कागदास हात घातला. त्या आईने प्रेमामुळे पाहिले नाही. आम्ही गर्दीमुळे पाहिले नाही. तिच्या चुकीस चार वर्षे लागली. आमच्या चुकीची मुले आज पन्नाशीस आली असतील.

म्हणून गृहशिक्षण बरे की वाईट, असा जो वाद तिकडे व थोड्याफार प्रमाणात इकडेही चालतो, तो आम्हांस चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. घराच्या डोळ्यास मुलाचा स्वभाव दिसतो, आवड दिसते, पोटदुखी खरी की खोटी ते दिसते. पण माया कित्येकदा त्या डोळ्यावर पडदा होते. बाहेरच्या डोळ्यास माया नसते, म्हणून त्याला उणे लवकर दिसते. पण तो दोन क्षण पाहून पुढे जातो. मुलास दोन्ही हवेत. घरात बाहेरचा डोळा मुळीच येऊ दिला नाही तर काय घडू शकते, त्याचे भयंकर उदाहरण कॅलिफोर्नियात २०१८ साली उघडकीस आले. तेथे आईबापांनी डांबून व उपाशी ठेवलेल्या तेरा भावंडांची सुटका झाली. सरकारी दप्तरात ते घर खाजगी शाळा म्हणून नोंदलेले होते. असली घरे अपवाद होत. तथापि २०१३ साली घरीच शिकून मोठ्या झालेल्या काही तरुणांनी, गृहशिक्षणावर पुरेशी देखरेख असावी एवढ्यासाठी स्वतंत्र संस्था काढली. ज्यांनी ते शिक्षण भोगले, त्यांची ही मागणी आहे हे विसरता येत नाही.

आपल्याकडे याचा एक मोठा दाखला आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या मुलीस, घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी पहाटे उठवून, तोंडी पाठ दिले. शाळा नाही, वर्ग नाही. रान आणि तीर्थक्षेत्रांच्या वाटा. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. परंतु तिला ‘पंडिता’ आईने म्हटले नाही. १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी तिची परीक्षा घेतली व ती पदवी दिली. घरी मिळालेल्या विद्येस बाहेरच्या डोळ्याची मोहर तेव्हा लागली. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या, १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले, आणि आईने आपणांस जे दिले ते दुसऱ्यांच्या मुलींस दिले. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काही मत असो, त्या पहाटेच्या पाठांचे मोल सर्वांस कबूल होईल.

आपल्या घरांतील मुले शाळेतच जातात व जावीत. परंतु दप्तर पाठीवर दिले की आपले काम संपले, असे समजणारे आपण, आणि दार लावून घेतले की आपले काम पुरे झाले असे समजणारे ते, या दोघांची चूक एकच आहे. मुलास आठवड्यातून एकदा तरी जवळ बसवून, कोणतेही अनोळखी पुस्तक उघडून, ‘मला एक पान वाचून दाखव’ म्हणावे. त्याने ‘तूच वाच’ म्हटले तर हसून सोडून देऊ नये. कारण विचारावे.

त्या मुलाची तपासणी झाली. शिक्षिकेचा तर्क खरा ठरला. डिस्लेक्सिया हा बुद्धीचा दोष नव्हे. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणे अशा मुलांस जड जाते, आणि ती सांगड पायरीपायरीने, पुष्कळ वेळ देऊन घालून द्यावी लागते. सॅम्युअल ऑर्टन हा वैद्य व अॅना गिलिंगहॅम ही शिक्षिका यांनी त्यासाठी १९३० च्या दशकात एक पद्धत बसविली. तिच्यात डोळा, कान व हात तिघांसही एकाच वेळी कामास लावतात. नव्या शालेय वर्षापासून मुलगा आठवड्यातून दोनदा तशा एका शिक्षिकेकडे जाऊ लागला. शिकवणीचा खर्च भागावा म्हणून बाईंनी शनिवारी रुग्णालयात पुन्हा पाळी धरली, आणि त्या दिवशीचे धडे वडील घेऊ लागले. कुंपणापाशी आता हिशेबाची कुरकुर ऐकू येत नसे.

घरी सरावासाठी शिक्षिकेने एक पसरट ताट दिले होते. त्यात बारीक वाळू. अक्षर मोठ्याने म्हणत बोटाने त्या वाळूत काढावयाचे, हलवून पुसावयाचे, पुन्हा काढावयाचे. बाईंनी ती नवलाई आम्हांस मोठ्या कौतुकाने दाखविली. आमच्या देशात कित्येक पिढ्या याच रीतीने धूळपाटीवर शिकल्या, हे सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटेना. मग आम्हीच ताटात बोटाने ‘श्री’ काढून दाखविला. मुलाने तो पाहिला, दोन वेळा गिरविला, आणि ‘याचा आवाज कोणता?’ असे विचारले. पूर्वी त्याने ‘याची गोष्ट कोणती?’ असे विचारले असते.

ऑक्टोबरात आमचा परतीचा दिवस जवळ आला. मका कापून झाला होता आणि झाडे तांबडीपिवळी झाली होती. दुपारी पिवळी बस कोपऱ्यावर थांबली. नातू उतरून पायरीवर दप्तर टाकतो तोच शेजारचा मुलगा कुंपण ओलांडून आला. त्याच्या हाती आठदहा पानांचे एक पातळ पुस्तक होते, तीनतीन अक्षरांच्या शब्दांचे, सहा वर्षांच्या मुलांसाठी असते तसले. ते त्याने लपविले नाही. नातवाशेजारी बसून त्याने पहिले पान उघडले, ओळीखाली बोट ठेविले आणि म्हणाला, “आज तू ऐक.”

एक पान वाचावयास त्याला बराच वेळ लागला. कुंपणापलीकडे त्याची आई वाळत घातलेले कपडे काढीत होती. ते पान संपेपर्यंत तिने एकही कपडा काढला नाही.